मठातल्या दवाखान्याचा हजेरीपट

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका. निपाणीजवळच्या एका खेड्यात राहते. ३४ वर्षं मराठी शाळेत शिकवलं. आमच्या गावच्या मठात दर रविवारी मोफत दवाखाना भरतो. डॉक्टर बाहेरून येतात, औषधं दानातून येतात. येणाऱ्यांत विडी वळणाऱ्या बायका, वखारीत तंबाखूचं काम करणाऱ्या, शेतमजूर, हंगामात ऊसतोडीची माणसं. तीन वर्षं मी तिथं नंबर देते, नावं लिहिते, पुड्या बांधते. देवाचं काम म्हणून मनापासून जाते. पण हल्ली रविवार जवळ आला की पोटात गोळा येतो.

आधी सगळ्यांनी आरतीला उभं राहायचं, मगच नंबर, असा पंचकमिटीचा रिवाज आहे. गेल्या महिन्यात एक मुसलमान बाई, विडी वळणारी, आरती संपेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहिली. तिचा नंबर शेवटचा लागला आणि तोवर शुगरच्या गोळ्या संपल्या. “असू दे की ओ बाई,” म्हणून ती गेली ती परत आलीच नाही. थोरल्या पंचांकडे विषय काढला तर म्हणाले, “देवाच्या दारात देवाचं नाव घ्यायला काय जातंय?”

दुसरं म्हणजे, एका रविवारी डॉक्टर आले नाहीत. एक आजोबा बीपीची गोळी मागत होते. “पांढरी, बारीक,” म्हणाले. मी खोक्यातून काढून दहा दिल्या. त्यांना काही झालं नाही, पण माझी झोप उडालीय. मुलगा म्हणतो, “तू डॉक्टर नाहीस, नर्स नाहीस, उद्या केस झाली तर? घरात बस.” मी हे सोडून द्यावं का?

उत्तर

बाई, सप्रेम नमस्कार.

सोडू नका. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हेच मनात आलं, म्हणून ते आधी सांगून टाकते. पण आत्ता जसं चाललंय तसंच चालू द्या, असंही मी म्हणणार नाही.

माझं सगळं आयुष्य परिचारिका म्हणून गेलं, बहुतेक सीमाभागातल्याच दवाखान्यांत. त्यामुळे त्या दहा गोळ्यांपासून सुरुवात करते. ते चुकलं, बाई. तुम्हाला ते कळलेलं आहे, म्हणून मीही गुळमुळीत बोलत नाही. पांढरी, बारीक गोळी बीपीची असते, तशी शुगरची असते, थायरॉईडचीही असते. शुगर नसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पोटात शुगरची गोळी गेली तर रक्तातली साखर इतकी उतरू शकते की माणूस बेशुद्ध पडतो. बीपीच्या गोळ्याही सगळ्या एकसारख्या नसतात. अ‍ॅटेनोलॉल ही बीपीचीच गोळी, पण दमेकऱ्याला दिली तर दम उसळू शकतो. आणि तुमच्याकडे तर वर्षानुवर्षं तंबाखूच्या धुळीत बसलेली माणसं येतात.

कायदाही इथं स्पष्ट आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध काढून देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम आहे. डॉक्टर आपल्या रुग्णाला स्वतः देऊ शकतात. आपण कितीही जुन्या सेवेकरी असलो तरी खोक्यात हात घालायचा नाही. येत्या रविवारच्या आत आजोबांच्या घरी जा, उरलेली पट्टी बघा, ती डॉक्टरांना दाखवा आणि घडलं ते स्वतःच्या तोंडानं सांगा. झोप त्यानंच येईल. मग औषधांच्या कपाटाला कुलूप लावून घ्या आणि किल्ली डॉक्टरांकडे किंवा फार्मासिस्टकडे राहू द्या. डॉक्टर आले नाहीत तर त्या दिवशी कपाट उघडायचं नाही. “बाई, तुम्हीच द्या की ओ,” म्हणून कुणी गळ घातली तर सांगा, “गोळी मी देणार नाही, पण उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात तुमच्याबरोबर येते.” आणि खरंच जा. दानात कापलेल्या पट्ट्या येतात, ज्यांवर मुदतीची तारीखच उरलेली नसते, फोडलेल्या सिरपच्या बाटल्या येतात. त्या हात जोडून परत करा. गरिबाला चालतंय, हा विचार मठात नको.

मुलाची काळजी प्रेमापोटी आहे, त्याच्यावर रागावू नका. त्या काळजीला कागदानं उत्तर द्या. कर्नाटकात खासगी दवाखान्यांच्या २००७ च्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि सेवाभावी संस्थांचे दवाखानेही त्यात येतात. तुमच्या मठानं ती केलीय का, हे कमिटीला विचारा. केलेली नसेल तर करून घ्यायला लावा. डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक फळ्यावर असू द्या. सुया आणि रक्ताचा कापूस यांना तुम्ही हात लावायचा नाही. वापरलेली सुई टोपण न घालता पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात जाते, कापूस पिवळ्या पिशवीत. ते काम शिकलेल्या माणसाचं. एवढं झालं की मुलाला एकदा रविवारी बरोबर घेऊन जा आणि बाकावर बसवून सगळं बघू द्या.

मग तुमच्या हाती उरतं काय? बाई, दवाखान्यातलं सगळ्यात मोठं काम उरतं. ते मला कसं कळलं ते सांगते.

नोकरीत नवी होते तेव्हा खानापूर तालुक्यातल्या एका देवळाच्या पटांगणात आरोग्य शिबिर होतं, तिथं मला पाठवलं होतं. दिवसभरात दीड-दोनशे माणसं तपासली. ज्यांचं बीपी जास्त निघालं त्यांना पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या, हारतुरे झाले, प्रसाद झाला. संध्याकाळी टेम्पोत बसताना आम्ही सगळे खूश होतो. दोन-तीन महिन्यांनी माझ्या वॉर्डात एक शेतकरी आला. तोंड वाकडं, उजवी बाजू लुळी. त्याच्या बायकोनं पदराच्या गाठीतून गोळ्यांची रिकामी पट्टी काढून दाखवली. आमच्याच शिबिरातली. “संपल्या. बरं वाटत होतं, मग कशाला म्हणून...” एवढंच म्हणाली. ही गोळी रोज घ्यायची असते, बरं वाटलं तरी घ्यायची असते, हे त्याला आम्ही नीट बसून सांगितलं नव्हतं. शिबिराला वही होती, पण तिच्यात फक्त आलेल्यांची नावं होती. पंधरा दिवसांनी कोण आलं नाही, हे बघायला त्या पटांगणात कुणी थांबलंच नव्हतं. त्या बाईची ती गाठ मला आजही दिसते.

तुम्ही ३४ वर्षं हजेरी घेतलीत. वर्गात कोण बसलंय ते कुणालाही दिसतं, कोण नाही ते बाईंनाच कळतं. पोर सलग चार दिवस आलं नाही तर तुम्ही त्याच्या घराकडे वाट वाकडी केलीच असणार. तोच हजेरीपट मठात न्या. बीपी, शुगर, फिट, टीबी, दमा अशा रोज औषध लागणाऱ्या प्रत्येकाची एक ओळ. नाव, गल्ली, कुठली गोळी, ती कधी संपणार. ज्या रविवारी खण रिकामा राहील त्या आठवड्यात निरोप गेला पाहिजे. आशा ताईंना हाताशी धरा, त्यांना घरं ठाऊक असतात. न येण्याची कारणं तुम्ही ऐकाल तर थक्क व्हाल: कुणाची भांगलण चालू असते, कुणाला बरं वाटत असतं, कुणी नवस बोलून गोळी बंद केलेली असते आणि कुणी अपमान गिळून घरी बसलेली असते. वही मात्र आपल्याजवळ ठेवा. कुणाला कुठला आजार आहे हे गावातल्या कट्ट्यावर जाता कामा नये. देणगीदारांसाठी पुडी हातात धरलेल्या रुग्णांचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, तेही थांबवा.

हजेरीपटात आणखी एक खण आखा, उपासाचा. एकादशी, श्रावण, नवरात्र, रमजान. शुगरची गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहिलेली माणसं मी चक्कर येऊन पडलेली पाहिली आहेत आणि साबुदाण्यावर उपास करून साखर चढलेलीही पाहिली आहेत. डॉक्टरांना हे कुणी आपणहून सांगत नाही. विचारलं तर रागावतील ही भीती असते. तुम्ही मात्र विचारू शकता, कारण तुम्हीही एकादशी करता. उपासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडून गोळीची वेळ आणि मात्रा बदलून घ्यायची, एवढंच. मठातल्या दवाखान्याचं खरं बळ मला इथं दिसतं. मठाधिपतींनी प्रवचनात एकदा सांगितलं, “अंगारा लावा, गोळीही घ्या,” तर त्या एका वाक्यानं जे होईल ते माझ्यासारखीच्या वर्षभराच्या सांगण्यानं होणार नाही. त्यांना तशी विनंती करा.

तुमच्या भागासाठी दोन खुणा खास सांगते. वखारीत काम करणाऱ्या बायका खोकल्याला ‘वखारीचा खोकला’ म्हणतात आणि अंगावर काढतात. दोन आठवड्यांच्या वर खोकला असला की वखार असो नसो, थुंकीची तपासणी करायलाच हवी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि उपचार दोन्ही फुकट आहेत. टीबी निघाला तर उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात. २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत ते ५०० होते. दुसरी खूण तोंडाची. मिश्री लावणाऱ्या, तंबाखूची चिमूट धरणाऱ्या बायकांना नंबर देताना सहज विचारा: तोंडात पांढरा चट्टा आहे का, तोंड पूर्ण उघडतं का, तीन आठवडे न भरलेला फोड आहे का? यातलं एकही ‘हो’ आलं तर त्या बाईला पहिल्या पाचांत डॉक्टरांसमोर बसवा.

आता कागदांचं, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडे माणसं आजारापेक्षा कागदानं जास्त हरतात. तुमच्या दवाखान्यात येणारे सगळेच अगदी निराधार नाहीत. पुष्कळांना योजना लागू असते, ती त्यांच्यापर्यंत पोचलेली नसते. २०१८ पासून कर्नाटकात आयुष्मान भारत आणि आरोग्य कर्नाटक या योजना एकत्र चालतात. बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. एपीएल असेल तर ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या आत. पण वाट ठरलेली आहे. आधी सरकारी दवाखाना, तिथं तो उपचार होत नसेल तर त्यांचं पत्र, मग खासगी रुग्णालय. जिवावर बेतलं असेल तर पत्राची अट नाही. हे ठाऊक नसल्यानं माणसं थेट मोठ्या दवाखान्यात जातात, दाखल होतात आणि बिल हातात पडल्यावर कार्ड काढतात. तेव्हा उशीर झालेला असतो. ऊसतोडीला बीडकडून आलेल्या माणसांना विचारा, गावाकडे आयुष्मान कार्ड काढलंय का? काढलं असेल तर ते राज्याबाहेरच्या योजनेतल्या रुग्णालयांतही चालतं. शिवाय महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. आपलं गाव त्या यादीत आहे का, आणि असेल तर कुठले कागद लागतात, हे एकदा कोल्हापूरला जाऊन तिथल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाकडून, वहीत लिहून आणा.

या सगळ्या योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांच्या आहेत. महिन्याची बीपीची गोळी त्यात येत नाही. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते, पण केंद्र उघडतं कामाच्या वेळेत. विडीची मजुरी हजारामागे असते. सकाळ दवाखान्याच्या रांगेत गेली की तेवढ्या विड्या कमी, तेवढे पैसे कमी. म्हणून तुमचा रविवार लागतो. मुलाला हेही सांगा.

आणि भाषा. अर्ज कन्नडमध्ये, चिठ्ठी इंग्रजीत, मोबाईलवरचा मेसेज कन्नडमध्ये आणि समोरची आजी मराठीशिवाय काही न बोलणारी. आधार कार्डावर ‘शांताबाई’ आणि रेशन कार्डावर ‘शांतव्वा’, एवढ्या फरकावरून ऑपरेशन लांबलेलं मी पाहिलं आहे. भाषेच्या वादात आपण सगळे पोळलो आहोत, ते दुःख खरं आहे. पण दवाखान्याच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी वाचून सांगणारा माणूस हवा असतो. ३४ वर्षांच्या नोकरीत तुम्हाला कन्नड वाचता येऊ लागलंच असेल. नसेल तर गावातल्या कन्नड शाळेतली एखादी शिक्षिका बरोबर घ्या. एका टेबलावर पाटी ठेवा, ‘कागद वाचून मिळतील’. मराठीत, कन्नडमध्ये आणि उर्दूत. गोळी किती वाजता, जेवणाआधी की नंतर, हे सूर्य आणि चंद्र काढून पुडीवर लिहून द्या. रुग्णाकडून ते उलट म्हणवून घ्या, पाढे म्हणवून घ्यायचात तसं.

आता आरती. मी देवभोळ्या घरात वाढले आणि आरतीला माझा विरोध असणं शक्य नाही. मठाचा दवाखाना आहे, आरती होणारच. श्रद्धेतून दवाखाने उभे राहिले म्हणून तर आपल्या आजी-आजोबांची पिढी जगली. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलं, तिथं आपल्या भागातली सगळ्या जातीधर्मांची माणसं बैलगाड्या जोडून जायची. माझा विरोध आहे तो आरतीला उभं राहण्यावर नंबर ठरण्याला. थोरले पंच विचारतात, काय जातंय? त्या बाईच्या महिन्याभराच्या गोळ्या गेल्या.

पण हे भर सभेत बोलू नका, पंचांचा मान दुखावला की रिवाज आणखी घट्ट होतो. एखाद्या संध्याकाळी त्यांच्या घरी जा, चहा घ्या आणि गाडगे महाराजांची आठवण काढा. महाराज गावात आले की दिवसभर हातात खराटा असायचा, कीर्तन रात्री. आधी काम, मग नामस्मरण. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. पंच नक्की ऐकतील, कारण ही त्यांच्याच घरातली गोष्ट आहे. मग मागणं अगदी लहान ठेवा. नंबराच्या चिठ्ठ्या साडेआठला फाटकाशीच, येईल त्या क्रमानं. नऊला आरती, ज्याला उभं राहायचं तो राहील. बाहेर थांबणाऱ्यांसाठी सावलीत बाक आणि पाण्याचा माठ. आणि रोजच्या औषधाच्या पुड्या हजेरीपटावरून आदल्या दिवशीच फार्मासिस्टनं नाव घालून बाजूला काढलेल्या, म्हणजे शेवटच्या नंबरालाही गोळी उरते. एवढं मान्य व्हायला दोन-तीन महिने लागले तरी धीर धरा. पण “आरती नाही तर औषध नाही” असं कमिटीनं तोंडावर सांगितलं, तर मात्र तिथून उठा आणि का उठताय तेही त्यांना सांगा. तुमचा हजेरीपट प्राथमिक आरोग्य केंद्रातही चालेल.

राहिली ती बाई. नव्या वहीत पहिली ओळ तिची लिहा. तिच्या शुगरच्या गोळ्या संपून महिना होऊन गेलाय, तेव्हा कमिटीच्या निर्णयाची वाट बघू नका. या आठवड्यातच तिच्या गल्लीत जा, दुपारी विड्या वळायला बायका उंबऱ्यात बसतात त्या वेळेला. माफी मागताना फार शब्द वापरू नका, तिला अवघडल्यासारखं होईल. शेजारी बसा. “त्या दिवशी तुमचा नंबर चुकला, ती चूक आमची,” एवढं म्हणा. पायाला मुंग्या येतात का, जखम झालीय का, रात्री किती वेळा उठावं लागतं, विचारा. जुनी चिठ्ठी असेल तर बघून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात जा, उपाशीपोटी, म्हणजे रक्त तिथंच तपासून होईल. तिची तेवढी मजुरी बुडेल. तुम्हाला झेपत असेल तर सूप मांडीवर घेऊन बसा, तिच्याबरोबर पानं कातरू लागा. बोलणं तिथंच होईल.